घरचे दप्तर आणि दूरचे वारस



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त बोलायचे ते ग्रंथांविषयी, हा संकेत रूढ आहे. परंतु ज्या घरांनी शंभर वर्षे हे ग्रंथालय पोसले, त्या घरांतही एकेक लहानसे ग्रंथालय असते आणि त्याची नोंद कोणत्याही सूचीत सापडत नाही. आजोबांची रोजनिशी, मोडीतील जुनी खतपत्रे, लग्नमुंजींची छायाचित्रे, वंशावळीचा जीर्ण कागद आणि गाण्याच्या बैठकींच्या ध्वनिफिती हा सारा ऐवज म्हणजे घरचे दप्तर. हे दप्तर दूर गेलेल्या वारसांच्या हाती सुरक्षितपणे कसे पोहोचावे, हा आजचा विषय आहे.

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांना हा प्रश्न काहीसा अधिक तीव्रतेने जाणवतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तोवर शिक्षण, नोकरी आणि न्यायालय यांसाठी मुंबई-पुण्याकडे पाहणाऱ्या घरांपुढे दोन वाटा आल्या. काही जण गेले, काही राहिले. जे राहिले त्यांची पुढली पिढी बंगळूरला गेली आणि त्यापुढली साता समुद्रांपार. परिणामी मालमड्डीतील किंवा विद्यानगरातील एखाद्या घरात आज दोन वृद्ध माणसे आणि शंभर वर्षांचे दप्तर उरते. ते वाचू इच्छिणारी नातवंडे मात्र पुण्यात, बंगळुरात किंवा न्यू जर्सीत असतात.

या दप्तराचे मोल केवळ कौटुंबिक नसते. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांनी (१८८६-१९५२) आणि हुबळीच्या गंगूबाई हनगल यांनी (१९१३-२००९) या परिसराला जे सूर दिले, त्या संगीतविश्वाच्या कितीतरी खुणा घराघरांतील कागदपत्रांत आणि चुंबकीय फितींत विखुरलेल्या आहेत. धारवाडच्या पावसाळ्यातील ओल, वाळवी आणि कालौघात झिजणारी फीत यांना या वैभवाशी काही देणेघेणे नसते. म्हणून अलीकडे अनेक घरांनी हा ऐवज संगणकीय रूपात उतरवून घेतला आणि एका हार्ड डिस्कवर साठविला. कपाट बदलले, परंतु कुलूप-किल्लीचा प्रश्न सुटला नाही. उलट तो नव्याने उभा राहिला.

दूरच्या वारसाला हा ऐवज देण्याचे तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग प्रती काढून पाठविण्याचा. तो सोपा खरा, पण प्रत निघाली की मूळ संग्रहात पडलेली नवी भर तिच्यात येत नाही, आणि चार नातवंडांकडे चार निरनिराळी दप्तरे तयार होतात. दुसरा मार्ग एखाद्या मोठ्या कंपनीच्या साठवण-सेवेत सारे नेऊन ठेवण्याचा. तो सोयीचा आहे, पण भाडे थकले, खात्याचा परवलीचा शब्द हरवला किंवा कंपनीने नियम बदलले, तर घरचे दप्तर परक्याच्या अंगणात अडकते. तिसरा मार्ग असा, की दप्तर घरीच राहावे, त्यात पडणारी भर घरीच पडावी आणि घरच्या माणसाला मात्र तो जगात कोठेही असला तरी आपल्याच घरात बसल्याप्रमाणे ते उघडता यावे. या तिसऱ्या मार्गाला तंत्रज्ञांच्या भाषेत व्हीपीएन, म्हणजे आभासी खाजगी जाळे, असे म्हणतात.

हे जाळे समजण्यासाठी आधी घरातले जाळे समजले पाहिजे. घरात इंटरनेटची जोडणी आली की राऊटर नावाची एक पेटी बसते. घरातील संगणक, भ्रमणध्वनी, छपाईयंत्र आणि डिस्क यांना ती एकेक क्रमांक देते. हे क्रमांक बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. १९९६ साली ठरलेल्या एका संकेतानुसार हे आकडे खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. त्यांना घराबाहेर अर्थ नसतो. वाड्यातील 'माजघर', 'ओसरी' ही नावे वाड्यातल्यांनाच कळावीत, टपालवाल्याला नव्हे, तसाच हा प्रकार. एका संगणकावरील फाइली दुसऱ्याला पाहू देणारी एसएमबी ही पद्धत आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास आखली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ पासून तिची सर्वांना मोफत वापरता येणारी आवृत्ती घडविली. ती 'सांबा' या नावाने ओळखली जाते आणि घरगुती साठवण-पेट्यांमध्ये आजही सर्रास आढळते.

या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते म्हणजे जाळ्यातील सारी माणसे ओळखीची असणार. घरात हे खरे असते, रस्त्यावर नसते. म्हणून 'नातवाला फाइली दिसाव्यात' एवढ्याच हेतूने राऊटरचे दार थेट जगाला उघडून देणे म्हणजे तिजोरीची खोली रस्त्यालगत घेण्यासारखे आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, तो एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील एका दोषाच्या आधारे. ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. तो दोष दूर करणारी दुरुस्ती दोन महिने आधी उपलब्ध झाली होती. अनेकांनी ती बसविलीच नव्हती. पुढे एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूलॉकर' या प्रोग्रामने क्यूनॅप या तैवानी कंपनीच्या घरगुती साठवण-पेट्यांना लक्ष्य केले. थेट इंटरनेटवर उघड्या असलेल्या पेट्यांतील फाइली कुलूपबंद करून त्याने किल्लीसाठी खंडणी मागितली. ज्यांची दुसरी प्रत नव्हती, त्यांच्यापुढे खंडणी भरणे किंवा छायाचित्रांवर पाणी सोडणे एवढेच पर्याय उरले. चोराला त्या छायाचित्रांचे मोल शून्य होते. घराला ते किती आहे, एवढेच त्याने ओळखले होते.

मग दार न उघडता आत कसे घ्यावे? याचे उत्तर धारवाडकरांना एका थोर पत्रलेखकाच्या उदाहरणावरून चटकन पटेल. जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) यांनी धारवाडात राहून इंग्रजीचे अध्यापन केले. सभासमारंभांपासून ते कटाक्षाने दूर राहिले, पण त्यांची पत्रे मात्र दूरदूरच्या सुहृदांकडे अखंड जात राहिली. त्यांच्या निधनानंतर निवडक पत्रांचे खंडच प्रसिद्ध झाले. घराचे दार न उघडताही मन मोकळे करता येते, ते बंद लिफाफ्यामुळे. टपाल खात्याला पाठविणारा आणि घेणारा कळतो, मजकूर कळत नाही. आभासी खाजगी जाळे नेमके हेच करते. घरातील जाळ्यात फिरणारी चिठ्ठी ते एका जाड लिफाफ्यात घालते. लिफाफ्यावर बाहेरच्या जगाला समजणारा पत्ता असतो, आणि आतला मजकूर अशा सांकेतिक लिपीत असतो की ज्याच्याजवळ जुळणारी किल्ली आहे त्यालाच तो वाचता यावा. लिफाफा पुण्याहून धारवाडला पोहोचला की घरातली पेटी तो फोडते, किल्ली तपासते आणि आतली चिठ्ठी जणू घरातूनच आली असावी तशी डिस्ककडे सोपविते.

या लिफाफ्याचा इतिहासही रंजक आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर कंपन्यांना दूरच्या कर्मचाऱ्यांसाठी अशी सोय हवी होती. मायक्रोसॉफ्ट व तिच्या सहयोगी कंपन्यांनी तेव्हा पीपीटीपी नावाची पद्धत काढली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या तांत्रिक टिपणाच्या लेखकांत गुरदीपसिंग पाल हे भारतीय वंशाचे अभियंते होते. या पद्धतीचे कुलूप कच्चे असल्याचे तज्ज्ञांनी १९९८ सालीच दाखवून दिले होते, आणि आज तिचा वापर कोणीही करू नये. २००१ साली जेम्स योनान यांनी ओपनव्हीपीएन तयार केले. मध्य आशियातील प्रवासात परक्या देशांच्या जाळ्यांमधून अमेरिकेतील कामाशी जोडून घेताना जी असुरक्षितता जाणवली, तीतून त्यांना ही प्रेरणा मिळाली. त्यानंतर जेसन डोनेनफेल्ड यांनी वायरगार्ड ही पद्धत आणली. तिचा गाभा चार हजार ओळींच्या आत बसविलेला आहे आणि मार्च २०२० मध्ये ती लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाली. थोडक्या ओळी म्हणजे तपासनिसाला थोडके वाचन. ग्रंथपालांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. त्याच महिन्यात देशभर टाळेबंदी आली, आणि तोवर कार्यालयांपुरता असलेला 'व्हीपीएन' हा शब्द घराघरांत ऐकू येऊ लागला.

तंत्रज्ञ या लिफाफ्यांच्या वाटेला 'बोगदा' म्हणतात. हुबळीहून लोंढ्यामार्गे गोव्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला बोगदे नवे नाहीत. कॅसलरॉकनंतर गाडी घाट उतरू लागते आणि बोगद्यामागून बोगदा येतो. आत शिरलेली गाडी डोंगरावरून पाहणाऱ्याला दिसत नाही, हे खरे. पण बोगदा फक्त आपल्या दोन तोंडांमधले अंतर झाकतो. गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता तेव्हा याच मार्गावर, सरहद्दीशी, जकातीची तपासणी होत असे. कारण बोगद्यातून काय बाहेर येते याची चिंता तोंडाशीच करावी लागते. आभासी बोगद्याचेही तसेच आहे. नातवाच्या संगणकात विषाणू शिरलेला असेल, तर बोगदा तो विषाणूही तितक्याच सुरक्षितपणे आजोबांच्या डिस्कपर्यंत आणून सोडील. म्हणून बोगदा बांधल्यावरही डिस्कवर कोणाला केवळ वाचता यावे आणि कोणाला बदल करता यावा, याचे नियम वेगळे ठरवावे लागतात. वाचनकक्षातील सभासद आणि ग्रंथपाल यांच्या अधिकारांत जो भेद असतो, तोच येथे हवा. दहा जणांना वाचनाचा अधिकार आणि एकालाच लेखनाचा, ही वाटणी बहुतेक घरांना पुरते.

प्रत्यक्षात ही व्यवस्था उभारताना काही अडचणी येतात, आणि त्यांची कारणे कळली तर माणूस निराश होत नाही. पहिली अडचण पत्त्याची. इंटरनेटच्या जुन्या क्रमांकपद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये अखेरच्या टप्प्यावर आला. तेव्हापासून अनेक सेवादाते शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा घराची स्थिती चाळीतल्या खोलीसारखी होते: आतून बाहेर पत्र जाते, पण बाहेरच्याला नेमकी खोली सापडत नाही. यावर तीन उपाय आहेत: सेवादात्याकडून जादा शुल्क देऊन कायम पत्ता घेणे, नव्या, विपुल पत्त्यांच्या आयपीव्ही-सहा या पद्धतीचा उपयोग करणे, किंवा दोन्ही टोकांची गाठ घालून देणाऱ्या मध्यस्थ सेवेची मदत घेणे.

दुसरी अडचण गमतीची, पण वरचेवर छळणारी आहे. धारवाडच्या आणि पुण्याच्या घरात एकाच धाटणीचे राऊटर असतील, तर दोन्ही घरांचे अंतर्गत क्रमांक सारखेच असतात. मग पुण्यातील संगणक '१९२.१६८.१.१०' हा क्रमांक धारवाडात न शोधता स्वतःच्याच घरात शोधतो आणि काही सापडत नाही असे सांगतो. दोन गल्ल्यांत एकाच क्रमांकाची घरे असावीत, तसा हा घोटाळा. धारवाडच्या घराने आपल्या क्रमांकांतील तिसरा आकडा आरंभीच बदलून, समजा, ५७ केला, तर पुढचा त्रास वाचतो.

तिसरी अडचण वेगाची. घरी चित्रपट झरझर येतो, म्हणजे घरातून बाहेरही तितक्याच वेगाने माहिती जाते असे नव्हे. तासाभराच्या मैफलीचे सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट भरते. बाहेर पाठविण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर ते पोहोचण्यास साडेआठ मिनिटे लागतात. शिवाय अंतराला स्वतःची किंमत आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. धारवाडहून न्यू जर्सी सुमारे तेरा हजार किलोमीटर. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यालाच सेकंदाचा आठवा हिस्सा लागणार, आणि प्रत्यक्ष मार्ग वळणांचा असल्याने अधिकच. एसएमबी ही पद्धत बोलघेवडी आहे. एक कपाट उघडण्यासाठी ती अनेक प्रश्नोत्तरे करते. म्हणून हजार छायाचित्रांचे एकच दालन अमेरिकेत रेंगाळत उघडते. ते वर्षांनुसार आणि प्रसंगांनुसार विभागून ठेवले, तर संयमाची परीक्षा टळते. वर्गीकरणाचा हा धडा ग्रंथालयांनीच जगाला दिला आहे. चौथी अडचण विजेची: वीज गेली की राऊटर झोपतो आणि दूरचा वारस दाराशी उभा राहतो. लहानशी बॅटरी पुरविली म्हणजे हे टळते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जाहिरातींतून दिसणारी विकतची व्हीपीएन सेवा आणि घरचा बोगदा यांत फरक आहे. विकतच्या सेवेत सारी रहदारी एका कंपनीच्या यंत्रातून जगाकडे जाते. घरच्या बोगद्यात ती स्वतःच्याच घरी येते. संगणक सुरक्षेसाठी नेमलेल्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशांत व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवावी असे म्हटले, आणि त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे हलविली. तो रोख सर्वसामान्य ग्राहकांना सेवा पुरविणाऱ्यांकडे होता. आपल्याच डिस्कपर्यंत पोहोचण्यासाठी कुटुंबाने बांधलेली वाट ही निराळी गोष्ट आहे.

मात्र वाट खाजगी असली म्हणून तीवरून नेलेली प्रत्येक वस्तू आपल्या मालकीची होत नाही, हे ग्रंथप्रेमींनी विशेष ध्यानात ठेवावे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो. हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी हे दोघेही १९१९ साली निवर्तले; त्यांचे लेखन आज सर्वांचे आहे. जी. एं.च्या 'काजळमाये'वरील हक्क मात्र २०४७ च्या अखेरपर्यंत अबाधित राहील. घरच्या रोजनिशीची आणि विकत घेतलेल्या पुस्तकाच्या छायाप्रतीची गणना एकाच खणात होऊ शकत नाही.

आता उरतो तो सर्वांत अवघड प्रश्न, आणि तो तंत्राचा नाही. किल्ल्या कोणाजवळ आहेत? बहुतेक घरांत ही सारी व्यवस्था एकाच उत्साही माणसाने उभारलेली असते, कधी सेवानिवृत्त काकांनी, कधी सुट्टीत आलेल्या भाच्याने. तो माणूस गेला किंवा दूर झाला की परवलीचे शब्द त्याच्याबरोबर जातात. मोडीतील कागद वाळवी लागूनही अर्धामुर्धा वाचता येतो. किल्ली हरवलेली सांकेतिक डिस्क एक अक्षरही देत नाही. जितके कुलूप पक्के, तितका विसर महाग. म्हणून व्यवस्थेचे टिपण कागदावर असावे: डिस्क कोठे आहे, राऊटर कोणता, कोणाकोणाला किल्ली दिली आणि कोणाची रद्द केली. हा कागद मोहोरबंद पाकिटात, मृत्युपत्राशेजारी ठेवावा आणि घरातील किमान दोघांना त्याचा ठावठिकाणा ठाऊक असावा. भ्रमणध्वनी हरवला, तर त्यावरील किल्ली त्याच दिवशी रद्द करावी. प्रत्येकाला वेगळी किल्ली दिली असेल, तरच हे एकाची किल्ली काढून जमते, नाहीतर साऱ्या घराचे कुलूप बदलावे लागते.

दुसरे पथ्य असे, की बोगदा म्हणजे दुसरी प्रत नव्हे. डिस्क बिघडली, तर जगभरच्या वारसांना एकाच वेळी रिकामे कपाट दिसेल. जाणकारांचा जुना दंडक आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक वेगळ्या गावी. हाच बोगदा येथे उपयोगी पडतो. रोज रात्री, सारे निजल्यावर, धारवाडच्या डिस्कवर पडलेली नवी भर पुण्यातील मुलीच्या घरच्या डिस्कवर आपोआप उतरविता येते. मात्र त्या प्रतीत जुन्या तारखांच्या अवस्थाही राखाव्यात. अन्यथा येथे पुसलेली फाइल उद्या तेथेही पुसली जाईल. आणि वर्षातून एकदा, दिवाळीला सारे जमले असता, ती प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली शिल्लक.

या कामी ग्रंथालयाने तंत्रज्ञाची भूमिका घ्यावी अशी अपेक्षा नाही. परंतु वर्गीकरण कसे करावे, नोंदवही कशी ठेवावी, कोणत्या वस्तूला वाचनाधिकार द्यावा आणि कोणती कुलपातच ठेवावी, याचे शंभर वर्षांचे शहाणपण येथे साठलेले आहे. सभासदांच्या घरगुती दप्तरांची केवळ सूची जरी येथे तयार झाली, वस्तू घरीच राहून, तरी उद्याच्या अभ्यासकाला या परिसरातील मराठी जीवनाचा माग काढण्यासाठी कोणते दार ठोठवावे हे कळेल. दार उघडावे की नाही, हे त्या घराने ठरवावे. संगणकाची सवय असलेल्या तरुण सभासदांनी महिन्यातील एक सायंकाळ ज्येष्ठांची व्यवस्था लावून देण्यासाठी राखून ठेवली, तर त्या निमित्ताने त्या कागदांवरची नावेही त्यांच्या कानांवर पडतील. कारण छायाचित्रातील तिसऱ्या रांगेतली स्त्री कोण, हे कोणत्याही बोगद्यातून विचारून कळत नाही. ते सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून, लिहून, त्या छायाचित्राशेजारी ठेवावे लागते. हे काम आधी व्हावे. जाळे त्यानंतर विणले तरी चालेल.